मुंबईतली जुनी घरं आतून कुठे पाहता येतील?

पिंपळपान
दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याहून मावशी येते आहे, सोबत तिची नववीतली नात. मावशीचं अर्धं आयुष्य दोन चौकांच्या वाड्यात गेलं. तो वाडा आता नाही. तिचं म्हणणं एवढंच, की मुंबईतलं एखादं जुनं मोठं घर मला आतून दाखव. राणीची बाग, गेटवे वगैरे तिचं बघून झालंय.

हल्ली बऱ्याच जुन्या बंगल्यांची डागडुजी करून तिथे 'सांस्कृतिक केंद्र' सुरू होतं. मध्यंतरी अशाच एका बंगल्यात प्रदर्शन बघायला गेले होते. काम देखणं झालंय, जिना चकाचक, झुंबरं लावलेली. पण दोन तास फिरूनही त्या घरात कोण राहत होतं, ते जेवायला कुठे बसत, पाणी कुठून येत होतं, यातलं काहीच कळलं नाही. सगळ्या भिंती पांढऱ्या आणि सगळ्या खोल्या सारख्या. माझ्या मते घर वाचवायचं तर त्याचं घरपणही वाचवायला हवं, नुसता सांगाडा उभा राहून उपयोग नाही.

तर प्रश्न दोन. एक, मुंबईत अशी कोणती वास्तू आहे जिथे घर अजून दिसतं? दोन, तुम्हाला काय वाटतं, घर होतं तसं ठेवावं की कार्यक्रमांसाठी मोकळं करावं?

गावदेवीकर
पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर डोळे झाकून मणिभवन. लॅबर्नम रोड, गावदेवी.

रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं हे घर. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की मुक्काम इथेच. १९५५ मध्ये ते गांधी स्मारक निधीकडे आलं. खाली ग्रंथालय, पहिल्या मजल्यावर छायाचित्रं आणि पत्रं, दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. गादी, लोड, बुटकं मेज, चरखे. खोली काचेच्या आडून बघावी लागते, पण बघताना घरात उभे आहोत हे विसरायला होत नाही. गॅलरीत आलात की खाली झाडांच्या सावलीतला तोच शांत रस्ता.

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना याच घराच्या गच्चीवरून अटक केली. गच्चीत तंबू ठोकून झोपले होते. मी शाळेत असताना आम्हाला इथे आणलं होतं आणि सगळ्यात जास्त वेळ आम्ही पोरं बाहुल्यांच्या देखाव्यांसमोर उभी होतो. गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग काचेच्या खोक्यांतून मांडलेत. नववीतल्या मुलीला आवडतील.

खमंग
मणिभवन +१. पण मावशींना आधी पोटभर खाऊ घाला. जुने जिने रिकाम्या पोटी चढवत नाहीत. ग्रँट रोडला उतरलात तर वाटेत उपवासाचं सगळं मिळतं.

ओलीभिंत
माझं कामच जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिंपळपान म्हणतात त्या पांढऱ्या भिंतींमागे बहुतेक वेळा एक कारण असतं. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. देशात असं पहिल्यांदा मुंबईतच झालं. त्यात इमारतींच्या श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत आतबाहेर शक्यतो काही बदलायचं नाही. दुसऱ्या श्रेणीत बाहेरचं रूप राखून आतले बदल आणि नवा वापर बऱ्यापैकी चालतो. तिसरीत त्याहून मोकळीक. त्यामुळे रस्त्यावरून जे दिसतं ते जपलं जातं आणि आतलं स्वयंपाकघर, मोरी, नोकरांचा जिना या गोष्टी सगळ्यात आधी जातात. तिथेच लिफ्ट बसते, एसीच्या नळ्या जातात, स्वच्छतागृहं होतात.

दुसरं, दुरुस्तीचा अर्थ लोकांना रंगकाम वाटतो. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुन्या भिंती चुन्याच्या. चुन्याच्या गिलाव्यातून ओल आत शिरते तशी बाहेरही पडते. मधल्या काळात लोकांनी वरून सिमेंट फासलं. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. मग आत क्षार साठतात, फुगवटे येतात, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. दर वर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा सिमेंट, पुन्हा तेच. सागवानी तुळई भिंतीत जिथे शिरते ते टोक आधी कुजतं, कारण तिथेच ओल धरते. चांगला सुतार पूर्ण तुळई काढत नाही. तेवढं कुजकं टोक कापून नवं लाकूड सांध्याने जोडतो. हे काम कुठल्याही उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, पण घर त्यावर उभं राहतं.

म्हणून आधी छप्पर आणि पन्हळी, मग भिंती, मग झुंबरं. जिथे उलट क्रम दिसतो तिथे माझा जीव खालीवर होतो.

चाळीतला
सगळं पटलं. पण दुरुस्तीला पैसे कुठून येणार ते बोला.

आमच्या गिरगावात कितीतरी घरं मालकांनी सोडून दिली, कारण १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली ती गोठलीच. महिन्याला जेवढं भाडं येतं त्यात एक पन्हळ बदलून होत नाही. भाडेकरूंचा दोष नाही, त्यांना दुसरीकडे परवडत नाही. मालकालाही दोष देववत नाही. आणि मधल्या मधे लाकूड कुजतं.

खोताची वाडी बघा. दादोबा वामन खोत यांच्या नावाची. पुढे ओसरी, लाकडी कठडे, बाहेरून जिना, वर कौलं. एकेकाळी पासष्टेक घरं होती, आज तीसही उरली नाहीत. एक घर पडलं की त्या जागी टॉवर येतो आणि शेजारच्या घरावरचं ऊन जातं. मावशींना तिथून एक फेरी जरूर मारून आणा. मात्र ही राहती घरं आहेत. रविवारी कॅमेरे घेऊन लोक थेट ओसरीवर चढतात, तसं करू नका. बाहेरून बघा, कोणी बोलावलं तर आत जा.

सप्तसूर
ओलीभिंत ताई, प्रतिसाद साठवून ठेवला.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत पिंपळपान यांच्या उलट आहे. मला काचेआडची खोली बघून गुदमरल्यासारखं होतं. घर माणसांसाठी असतं. त्यात गाणं व्हावं, मुलांनी धिंगाणा घालावा, कोणी चित्रं लावावीत. मी जुन्या दिवाणखान्यांतल्या बैठकी ऐकल्या आहेत. लाकडी तक्तपोशी, उंच छत, माइक नाही, पन्नास-साठ माणसं मांडी घालून. तानपुरा लागला की खोली भरून जाते. ते सुख सभागृहात नाही. घर होतं तसं ठेवण्याच्या नादात बंद कुलूप लागणार असेल तर मला बदललेलं घर चालेल.

पिंपळपान
@सप्तसूर, बैठकीला माझा विरोध नाहीच. बैठक घरातच शोभते. माझा आक्षेप आहे तो घराच्या सगळ्या खुणा पुसण्याला. त्याच दिवाणखान्यात गाणं व्हावं आणि माजघरात गेलं की माजघरही दिसावं, हे दोन्ही एका वेळी का होऊ नये?

हुगळीकाठ
होतं की. मी नोकरीनिमित्त काही वर्षं कोलकात्यात होतो. जोडासाँकोचं ठाकुरबाडी, म्हणजे रवींद्रनाथांचं घर, अगदी तुम्ही म्हणता तसं आहे. तिथे रवींद्रभारती विद्यापीठ आहे, संग्रहालय आहे आणि अंगणातल्या ठाकुरदालानासमोर, म्हणजे घरच्या पूजेच्या दालनासमोर, कार्यक्रमही होतात. चपला काढून आत जायचं. ७ ऑगस्ट १९४१ ला रवींद्रनाथांचं ज्या खोलीत निधन झालं ती खोली आहे, आणि मृणालिनीदेवींचं स्वयंपाकघरसुद्धा आहे. चूल, भांडी. माझी आई संपूर्ण घरात सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबली. तिला कविता फारशा माहीत नव्हत्या. चूल मात्र तिने बारकाईने पाहिली, धूर कुठून जात असेल ते शोधत होती.

थोडं अवांतर: १८७८ मध्ये इंग्लंडला जाण्याआधी रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले होते, इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून. प्रार्थना समाज सुरू करणारे तेच हे आत्माराम पांडुरंग. त्यांची मुलगी अन्नपूर्णा नुकतीच विलायतेहून शिकून आली होती, ती रवींद्रनाथांना शिकवत असे. त्यांनी तिला 'नलिनी' हे नाव दिलं. मुंबईतल्या मराठी घरांच्या इतिहासात अशी पानं आहेत, ती आपण शाळेतल्या मुलांना सांगत नाही.

रांगोळीची_रेघ
हुगळीकाठ यांच्या आईंचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

मोठ्या माणसांच्या घरांत दिवाणखाना आणि लिहिण्याचं टेबल दाखवतात. पण पन्नास माणसांची ये-जा असलेल्या घरात कोणीतरी रांधत होतं, पाणी भरत होतं, अंथरुणं घालत होतं. १९१९ च्या सुरुवातीला गांधीजी मुंबईत आजारी होते, दूध न पिण्याचं व्रत होतं आणि डॉक्टर दुधाशिवाय ताकद येणार नाही म्हणत होते. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या की तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, बकरीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. पुढे बकरी त्यांच्या प्रतिमेचा भागच झाली. ही सूचना आली ती घर सांभाळणाऱ्या बाईकडून. मग त्या बाईचा वावर जिथे होता ती जागा घरात दाखवायला नको?

पुण्यात महात्मा फुले वाड्यात गेलात की हे पटतं. १८६८ मध्ये जोतिरावांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या वाड्यात पाण्याची जागा हाच इतिहास आहे. ती बुजवून तिथे सुंदर दालन केलं असतं तर काय उरलं असतं?

निळीशाई
राजगृहाचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

दादर पूर्व, हिंदू कॉलनी. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे घर बांधून घेतलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. मुंबईत कितीतरी धनिकांनी बंगले बांधले, कोणी समुद्र दिसावा म्हणून, कोणी पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून. पुस्तकं नीट राहावीत म्हणून बांधलेलं घर मला तरी दुसरं माहीत नाही. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू, छायाचित्रं, पुस्तकं बघायला मिळतात. वर कुटुंब राहतं, त्यामुळे आवाज बेताने. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणारी माणसं रांग लावून इथेही येतात, गावाकडून आलेल्या आज्या उंबऱ्याला हात लावून डोळ्यांना लावतात. सांस्कृतिक केंद्र अशी पाटी नसलेलं हे केंद्र आहे, आणि इथे कोणाला प्रवेश कसा मिळेल असं विचारावं लागत नाही.

मावशी साताऱ्याच्या ना? बाबासाहेबांची प्राथमिक शाळा साताऱ्यात झाली. नातीला तेवढा धागा पुरेल.

पिंपळपान
@निळीशाई, मावशी त्याच शाळेच्या परिसरात वाढली! हे तिला सांगते आजच.

टेकडीवरून
मेहरांगीरची गोष्ट इथे यायलाच हवी. मलबार हिलवरचा होमी भाभांचा बंगला. होमींनंतर तो त्यांचे भाऊ जमशेद भाभा यांच्याकडे होता आणि त्यांच्या पश्चात एनसीपीए या नाटक-संगीताच्या संस्थेकडे आला. २०१४ मध्ये एनसीपीएने तो लिलावात ३७२ कोटींना विकला. अणुशास्त्रज्ञांनी त्याचं स्मारक, संग्रहालय करा म्हणून मागणी केली होती. २०१६ मध्ये बंगला पाडला गेला.

ज्या माणसाने या देशात अणुसंशोधन उभं केलं, जो स्वतः चित्रं काढायचा, संगीतात रमायचा, त्याचं घर संग्रहालयासाठी याहून योग्य दुसरं कुठलं असणार होतं? मला अजून राग येतो.

सप्तसूर
राग मलाही आला होता. पण दुसरी बाजूही बघा. एनसीपीए जमशेदजींनीच उभं केलं, घरही त्यांनीच संस्थेला दिलं. त्या पैशांतून नाटकं, मैफली, मुलांचे वर्ग चालणार असतील तर? एका घरापेक्षा जास्त माणसांपर्यंत ते पोहोचतं.

टेकडीवरून
@सप्तसूर, पैसे उभे करायचे दहा मार्ग असतात. पाडलेलं घर परत येत नाही. एवढंच.

चाळीतला
दोघांनाही मानतो. पण विकत घेणाऱ्याने पाडलं तरी चालतं, ही मोकळीक त्याला कायद्याने मिळाली. तो बंगला वारसा यादीत चांगल्या श्रेणीत असता तर विकला गेला असता तरी उभा राहिला असता. भांडायचं तर तिथे, यादी करण्याच्या वेळी.

ओलीभिंत
@चाळीतला, अगदी. यादीत नाव असणं हे पहिलं छत्र. आपल्या ओळखीचं, शंभर वर्षांचं घर यादीत आहे का हे कोणालाही तपासता येतं. नसेल तर मागणी करता येते.

भायखळ्याचा
घर नाही, तरी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सुचवतो. दुरुस्ती कशी असावी ते तिथे कळतं. १८७२ साली उघडलं. नाना शंकरशेट, भाऊ दाजी, बर्डवुड यांची धडपड त्यामागे. पुढे इतकी दुरवस्था झाली की आम्ही लहानपणी राणीच्या बागेत जायचो आणि शेजारच्या इमारतीत डोकावायचोही नाही. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. कामाला २००५ चा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ओतीव लोखंडाचे खांब, सोन्याचा वर्ख, छतावरची नक्षी, सगळं परत आणलंय. वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, प्रत्येकाची पगडी वेगळी. मावशींना तिथून हलवणं कठीण जाईल.

मुख्य म्हणजे ते महापालिकेचंच राहिलं. शाळांच्या सहली येतात, भायखळ्यातली माणसं येतात. बुधवारी बंद असतं, लक्षात ठेवा.

उंबरठा
भायखळ्याचा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून. जुनी वास्तू 'सांस्कृतिक' झाली की दारावरचा रखवालदार आधी आपले कपडे बघतो, हा माझा अनुभव आहे. आईला घेऊन एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. आई नऊवारीत, पायात साध्या चपला. काय काम आहे, कोणाला भेटायचंय, असं विचारलं. आत प्रदर्शन सर्वांसाठी खुलं होतं. माहितीच्या सगळ्या पाट्या फक्त इंग्रजीत. ज्या वस्तीच्या मधोमध ते घर उभं आहे त्या वस्तीला आत काय लिहिलंय ते वाचता येऊ नये?

माझी मागणी साधी आहे. पाट्या मराठीतही हव्यात, आठवड्यातला एक दिवस विनामूल्य हवा आणि दाराशी 'या' म्हणणारं माणूस हवं.

रांगोळीची_रेघ
@उंबरठा, शंभर टक्के सहमत. आणि बसायला बाक. वय झालेल्या माणसांना दर दोन खोल्यांनंतर टेकायला जागा लागते. सुंदर दालनांत नेमकी तीच नसते.

मजेत_आहे
माझा नवरा प्रत्येक संग्रहालयात सगळ्यात आधी बाक शोधतो. त्याला या धाग्याचा अध्यक्ष करा.

खमंग
अध्यक्षांना चहाही लागेल.

सप्तसूर
अवांतर थांबवून एक सुचवतो. संध्याकाळ मोकळी असेल तर रॉयल ऑपेरा हाउसला काही कार्यक्रम आहे का बघा. घर नाही, नाट्यगृह आहे. १९११ मध्ये उघडलं, १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झालं आणि २०१७ मध्ये त्यालाही युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. गावदेवीहून जवळ पडतं. सज्जात बसा, छत बघायला मिळतं. आणि वापरात असलेली वास्तू कशी टवटवीत राहते तेही.

पिंपळपान
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सप्तसूर, तुमचं थोडं पटलं. बंद कुलपापेक्षा गाणं बरंच. पण ओलीभिंत आणि रांगोळीची_रेघ यांचं वाचल्यावर माझं मत जास्त पक्कं झालं, की आराखडा करतानाच एक चूल, एक मोरी, एक मागचा जिना राखून ठेवायला हवा. नंतर ते आणता येत नाही.

ठरवलंय ते असं: एका दिवशी मणिभवन आणि खोताची वाडी, दुसऱ्या दिवशी राजगृह. भाऊ दाजी लाड जमलं तर. आता मुद्द्याचं: मावशीचे गुडघे दुखतात. मणिभवनातले जिने कसे आहेत?

गावदेवीकर
जिने लाकडी आहेत, कठडा धरून सावकाश चढता येतं. एका दमात दुसऱ्या मजल्यावर नेऊ नका. आधी खाली ग्रंथालयात बसवा, मग पहिल्या मजल्यावर पत्रं वाचायला थांबवा, तिथे वेळ जातोच. हिटलर आणि रूझवेल्ट यांना लिहिलेली पत्रं आहेत, नातीला वाचून दाखवायला सांगा. मग वर. सकाळी लवकर गेलात तर शाळांची गर्दी नसते.

ग्रँट रोडला पश्चिमेला उतरून टॅक्सी करा, चालत नेऊ नका. येताना ऑगस्ट क्रांती मैदान वाटेतच आहे, तिथे बसायला बाक आहेत. अध्यक्षांना कळवा.

ओलीभिंत
आणि राजगृहाला जाणार त्या दिवशी हिंदू कॉलनीतल्या गल्ल्यांमधून थोडं फिरवा. तीन-चार मजली जुन्या इमारती, गोल गॅलऱ्या, जिन्याच्या खिडक्यांना रंगीत काचा. पुनर्विकासाचे फलक लागलेत अनेकींवर. नातीकडे फोन असेल तर फोटो काढून घ्यायला सांगा, आणि इथे टाका. पुढच्या यादीच्या वेळी उपयोगी पडतील.